गच्चीवरचा भोपळा, सोसायटीचा ठराव आणि अठ्ठ्याहत्तर ग्रॅम बिया

जानेवारी २०२४ मध्ये रामबागेतलं जुनं घर विकलं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. येताना दोन ट्रंका, देव्हारा आणि बिस्किटांचा एक जुना डबा आणला. डब्यात तांबड्या भोपळ्याच्या वाळवलेल्या बिया. जुन्या घराच्या मागच्या पडवीवर दर पावसाळ्यात भोपळ्याचा वेल कवेलूंवर चढायचा. (कौलांना आमच्या इंदूरच्या घरात कवेलूच म्हणतात. माझं माहेर पुण्याचं; लग्न होऊन आले तेव्हा हा शब्द मला स्वयंपाकघरातलं एखादं भांडं वाटला होता.) भोपळा चिरला की बिया धुऊन, वाळवून डब्यात जायच्या. दुपारची झाकपाक झाली की आई खिडकीशी बसून एकेक बी सोलायच्या आणि मगज वाटीत टाकायच्या.

फ्लॅटमध्ये आल्यावर महिन्याच्या आत डबा संपला. सोललेल्या हिरव्या बियांचं पाकीट बाजारात मिळतं, ते मी आणून दिलं. त्यांनी दोन बिया चावून बघितल्या आणि म्हणाल्या, "बऱ्या आहेत गं. पण मग दुपारी मी करू काय?"

या एका प्रश्नापायी बियांसाठी गच्चीवर भोपळा लावायचं ठरवलं आणि पुढचे नऊ महिने गेले. माहिती शोधायला बसले तर एकरी किती क्विंटल निघतात ते सांगणारे लेख, नाहीतर दोन मिनिटांत बी ते भोपळा दाखवणारे व्हिडिओ. मधलं कुणीच सांगत नाही, विशेषतः गच्ची सगळ्यांची असेल तर काय करायचं ते. म्हणून तारखांसकट लिहून ठेवते आहे. मी घरून हिशेबाची कामं करते, तारखा आणि पावत्या जपायची सवय आहेच.

पहिला प्रयत्न फसला, तो थोडक्यात. ११ फेब्रुवारीला चोइथराम मंडीतून आणलेल्या भोपळ्याच्या चार बिया रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीत टोचल्या आणि बादली गच्चीवर नेऊन ठेवली. कुणाला विचारलं नाही. एका बादलीसाठी काय विचारायचं! वेल उगवला, पाच फूट वाढला, एप्रिलच्या सुरुवातीला फुलांवर आला. सगळी फुलं नर. ऊन आणि दिवसाची लांबी वाढली की वेलवर्गात नर फुलं जास्त येतात, हे मला नंतर कळलं. वर बादली इतकी लहान की सकाळी पाणी घातलं तरी दुपारी पानं छत्री मिटल्यासारखी लोंबायची.

२ एप्रिलला दाराखालून कागद आत आला. "छत पर रखा निजी सामान सात दिन में हटाएँ." वरच्या मजल्यावरच्या एका घरात छताला ओल धरली होती. ती ओल गेल्या पावसाळ्यापासूनची, पण बादली आत्ता दिसत होती. वाद घालून उपयोग नव्हता. बादली बाल्कनीत आणली. आमची बाल्कनी तीन फुटांची आणि उत्तरेकडची. आठवड्यात वेल गेला.

मग मात्र रीतसर जायचं ठरवलं. ८ एप्रिलला समितीकडे हिंदीत अर्ज दिला, एका प्रतीवर पोच घेतली. ही पोच फार उपयोगी पडली, कारण मे महिन्यात "आपका आवेदन तो मिला ही नहीं" असं एकदा ऐकवून झालं. बारा दिवस काही हालचाल नाही. मग सचिवसाहेब जिन्यात भेटले. "भाभीजी, चुनाव हो जाने दो, फिर मीटिंग में रखते हैं." इंदूरचं मतदान १३ मेला होतं. सोसायटीच्या गच्चीचा आणि लोकसभेचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. २६ मेच्या रविवारी बैठक झाली. विषयपत्रिकेत माझा विषय पाचवा: "छत पर खेती के संबंध में". इथेच माझी चूक झाली होती. अर्जात मी भोपळा, वेल, मांडव असं सगळं उत्साहाने लिहिलं होतं. कुणी अर्ज करणार असेल तर "दोन कुंड्या ठेवण्याबाबत" एवढंच लिहा. शेती म्हटलं की लोकांना नांगर दिसतो.

समितीने चार गोष्टी मागितल्या. इंजिनिअरचं लेखी मत, गळती झाल्यास दुरुस्ती आपल्या खर्चाने करण्याचं हमीपत्र, पाच हजार रुपये परत मिळणारी अनामत आणि वरच्या मजल्यावरच्या चारही घरांच्या सह्या. हमीपत्र आधी स्टॅम्प पेपरवर हवं होतं, शेवटी दोन साक्षीदारांसह साध्या कागदावर चाललं. तीन सह्या एका संध्याकाळी मिळाल्या. चौथ्या घरातले काका-काकू मुलाकडे नाशिकला गेलेले. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "आमची काही हरकत नाही" असं लिहिलं, ते समितीला चालेना. मग त्यांनी कागदावर सही करून फोटो पाठवला, तोही काळापांढरा छापला म्हणून परत आला. रंगीत प्रिंटचे दहा रुपये दिले तेव्हा सही ग्राह्य झाली.

इंजिनिअर नवऱ्याच्या ओळखीतले होते, फी घेतली नाही. पोहे-जिलबीवर काम झालं. त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र गच्चीवर काहीही ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो वजन धरलेलं असतं. ते सगळीकडे पसरलेलं. ओली माती भरलेला अर्धा ड्रम ऐंशी-नव्वद किलोंचा होतो आणि टेकतो जेमतेम दोन फुटांच्या गोलावर. म्हणून ड्रम स्लॅबच्या मधोमध ठेवायचे नाहीत, कठड्याच्या कडेने, खाली बीम जातो तिथे ठेवायचे. दोन ड्रममध्ये अंतर सोडायचं. खाली विटा, म्हणजे पाणी साचणार नाही आणि ओल दिसेल. निचऱ्याचं पाणी थेट पावसाच्या पन्हळीकडे. हे सगळं त्यांनी आकृती काढून अर्ध्या पानात लिहून दिलं. मग समितीतल्या कुणी काही विचारलं नाही. आकृती पाहिली की लोक गप्प बसतात.

ठरावाची प्रत ९ जूनला हातात आली. परवानगी एका वर्षाची, ३१ मार्चपर्यंत. "एक वर्ष" आणि "३१ मार्च" यांचं गणित जुळत नाही हे मी दाखवून दिलं नाही. अर्ज ते ठराव बासष्ट दिवस. भोपळ्याची अख्खी वाढ एकशेअकरा दिवसांत झाली, त्या मानाने हे जास्तच.

आता तयारी. दोनशे लिटरचा वापरलेला प्लास्टिकचा ड्रम आडवा कापून दोन अर्धे केले, कापणावळीसकट नऊशे रुपये. घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. आमच्यात खाण्याच्या तेलाचा वास होता, तो डिटर्जंटने दोनदा धुऊन गेला. तळाला बोटभर रुंदीची आठ भोकं पाडली. माळव्यातली काळी माती शेतात सोनं असली तरी ड्रममध्ये एकटी घालू नका. ओली असताना चिखल, वाळली की भेगा. मी एक भाग माती, एक भाग खत, एक भाग नारळाचा भुसा असं मिश्रण केलं. भुशाची पाच किलोंची वीट पाण्यात फुगून सत्तर लिटरच्या आसपास होते, ते पाहायला आई खुर्ची घेऊन बसल्या होत्या. वर दोन्ही ड्रमना मिळून किलोभर निंबोळी पेंड.

खत निम्मं विकत, निम्मं घरचं. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांच्या अंगवळणी पडली आहेच, मी ओल्यातला काही भाग गाडीत न देता भोकं पाडलेल्या बादलीत साठवत होते. कंपोस्टबद्दल वाचताना समजलं की जगभर ज्याला "इंदूर पद्धत" म्हणतात ती याच गावातली. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ पासून इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीत काडीकचरा, शेण आणि राख थरांनी रचून, ढीग खालीवर करून तीनेक महिन्यांत खत करण्याची रीत बसवली, १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. गांधीजी १९३५ मध्ये इंदूरला आले तेव्हा हे पाहायला गेले होते. ती जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. मी त्याच्या कुंपणावरून किती वर्षं जातेय! हॉवर्डसाहेबांची पद्धत आणि माझी बादली यांत फरक पुष्कळ: माझ्या बादलीला महिनाभर वास येत होता. सुकी पानं कमी पडत होती. कठड्याजवळच्या बदामाच्या झाडाची पानं भरडून प्रत्येक थरावर घातली, तेव्हा वास गेला.

बियाणं या वेळी शहरातल्या छावणी भागातल्या दुकानातून आणलं. पाकिटावर "अर्का चंदन" होतं, बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं वाण. फळ दोन ते तीन किलोंचं, म्हणून निवडलं. दहा किलोंचा भोपळा मांडवावर कोण टांगणार! दुसरं कारण, हे संकरित नाही, त्यामुळे बी राखून पुढच्या वर्षी लावता येतं. मंडीतल्या भोपळ्याच्या बीतून काय निघेल याचा भरवसा नसतो.

इथे एक गोष्ट ठळक करून सांगते. पाकिटातल्या बिया गडद गुलाबी होत्या. बुरशीनाशक लावलेलं असतं. मी पाकीट उघडून बशीत ओतल्या आणि फोन घ्यायला गेले, परत येते तर आई एक बी दोन बोटांत धरून कडेला नख लावत होत्या. सवय! पुढची पायरी तोंड. घरात लहान मूल किंवा बिया खाणारं माणूस असेल तर पेरणीची पाकिटं स्वयंपाकघरात आणूच नका. हातही साबणाने धुवा.

वटपौर्णिमा २१ जूनला झाली, पहिला चांगला पाऊस पडून गेला होता. २३ जूनला प्रत्येक ड्रममध्ये तीन बिया इंचभर खोल लावल्या. २८ला सकाळी मातीला वाकडी मान दिसली. दुपारपर्यंत दोन जाड दलं बाहेर, त्यातल्या एकाच्या टोकाला टरफल टोपीसारखं अडकलेलं. मी काढायला गेले तर आई ओरडल्या, "ओढू नकोस, मान मोडेल. त्याचं ते टाकेल." संध्याकाळी टाकलं.

सहापैकी पाच उगवल्या. एका ड्रममध्ये एकच रोप ठेवायचं असतं, आणि हे मला जमेना. रोज उद्यावर ढकललं. १४ जुलैला शहरात एका दिवसात अकरा लाखांवर रोपं लावण्याचा विक्रम चालला होता, रस्त्यावर गाड्याच गाड्या, आणि मी गच्चीवर कात्री घेऊन तीन धडधाकट रोपं बुडाशी कापत होते. उपटू नका, कापा. उपटलं तर शेजारच्याची मुळं दुखावतात.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तांबडे भुंगे आले. नारिंगी-लाल, तांदळापेक्षा थोडे मोठे. पानाला गोल गोल भोकं पाडतात आणि कोवळं रोप दोन दिवसांत जाळी करून टाकतात. निंबोळी तेल पाच मिली लिटरला, थोडं साबणाचं पाणी घालून, दर पाच-सहा दिवसांनी संध्याकाळी फवारलं. पण खरा उपयोग झाला तो पहाटेच्या वेचणीचा. सकाळी गारव्यात भुंगे सुस्त असतात, पानाखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरून टिचकी मारली की पडतात. पहिल्या दिवशी एकतीस, आठव्या दिवशी दोन. आईंनी चुलीची राख सुचवली होती, पण आता आणायची कुठून? उदबत्तीची राख पुरली असती तर बघितलं असतं.

वेल पाच फुटांचा झाल्यावर शेंडा खुडला. मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात म्हणून. याला हल्ली सगळे "टू जी, थ्री जी कटिंग" म्हणतात. शेंडा खुडणे म्हटलं तर कुणी व्हिडिओ बघणार नाही बहुतेक.

४ ऑगस्टला पहिलं फूल. नर. मग रोज दोन-तीन, सगळी नर. लांब सरळ देठ असलं तर नर, आणि पाकळ्यांखाली लिंबाएवढा लहानगा भोपळा असला तर मादी, ओळखायला अजिबात अवघड नाही. नर फुलं आठवडा-दोन आठवडे आधी येतात ही रीतच आहे, पण फेब्रुवारीचा अनुभव गाठीशी असल्यामुळे माझा धीर सुटत चालला. आई मात्र रोज चार फुलं तोडून, मधला दांडा काढून बेसनात बुडवून भजी करत होत्या. "येतील गं पोरी मागून," असं म्हणत.

१४ ऑगस्टला संध्याकाळी एका मादी कळीचं टोक पिवळं दिसलं. याचा अर्थ ती दुसऱ्या दिवशी पहाटे उमलणार. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन. खाली झेंडावंदन, मग शिरा-चहा, मग समितीचं भाषण. मी साडेनऊला वर गेले. फूल मिटून ओल्या रुमालासारखं लोंबत होतं. आमच्या गच्चीवर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, त्यामुळे आपण हाताने परागण केलं नाही तर कुणी करत नाही. चौथ्या दिवशी ते फळ पिवळं पडून गळलं.

त्यानंतर पंधरा दिवस मी सहा वाजता गच्चीवर. परागण असं करायचं: त्याच सकाळी उमललेलं नर फूल देठासकट तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या, की मधे पिवळ्या भुकटीने माखलेला दांडा राहतो. तो मादी फुलाच्या आतल्या फुगीर, चिकट, तीन भाग असलेल्या गोळ्यावर सगळीकडून हलकेच फिरवायचा. मला वाटलं होतं काहीतरी नाजूक शास्त्रीय काम असेल, प्रत्यक्षात मुलाच्या कपाळाला गंध लावण्याइतकंच. एका मादीला दोन नर वापरले तर बिया चांगल्या भरतात. पाऊस असेल तर आदल्या संध्याकाळीच कळी झाकून ठेवा, नाहीतर पराग धुऊन जातात. आणि सगळी नर फुलं भज्यांत घालवू नका. एका सकाळी मादी उमललेली आणि नर एकही नाही, अशी वेळ आमच्यावर आली. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

१९ ऑगस्टच्या, म्हणजे राखीपौर्णिमेच्या फुलाला फळ धरलं. पेरूएवढं झालं आणि एका जागी मऊ पडलं, बारीक छिद्र, त्यातून डिंकासारखा थेंब. फळमाशी. कापून पाहिलं तर आत अळ्या वळवळत होत्या. ते फळ मातीत पुरू नका, खतातही घालू नका. पिशवीत बांधून उन्हात तापवा आणि टाका. क्यू ल्युरचा, म्हणजे नर फळमाश्यांना वासाने ओढणारा सापळा दीडशे रुपयांना आणून टांगला. नंतरची तिन्ही फळं, २१, २४ आणि ३० ऑगस्टची, लिंबाएवढी असतानाच आईंच्या जुन्या सुती साडीच्या पिशव्यांत घातली. वाढतील तशी पिशवी मोठी. पुढे त्याच साडीचे झोके करून मांडवाच्या बांबूंना बांधले, वजन देठावर येऊ नये म्हणून. गणपतीला घरी आलेल्या मंडळींना वर नेलं की आधी कुणाचं बाळ झोपलंय असंच वाटायचं.

सप्टेंबरात पानांवर भुरी आली, पिठी टाकल्यासारखी. पातळ ताक फवारलं, फार बिघडलेली पानं काढली. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या मिरवणुकीच्या) रात्री धो धो पडला असता तर मांडव गेला असता अशी धास्ती होती, काही झालं नाही. पितृपक्षात आईंना श्राद्धाच्या स्वयंपाकाला घरचा भोपळा हवा होता. तेव्हा तो हिरवट होता, नख लागत होतं. भाजीला चालला असता, पण बिया पोचट निघाल्या असत्या. "पितरांना मंडीतला चालेल," त्या म्हणाल्या आणि विषय संपवला.

पिकल्याची खूण म्हणजे साल नखाने दबत नाही, देठ वाळून बुचासारखा होतो, रंग तपकिरी-नारिंगी. पहिली दोन फळं दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला काढली, ३.१ आणि २.४ किलो. तिसरं २० तारखेला, १.४ किलो. देठ तीन बोटं ठेवून कापायचा आणि त्याला धरून उचलायचं नाही. नंतर पंधरा दिवस सावलीत, वाऱ्यावर. या काळात बिया आत अजून भरतात, म्हणून घाई नको.

२७ ऑक्टोबरला पहिला चिरला. चौथ्या मजल्यावरच्या भाभी, म्हणजे ओलीच्या तक्रारवाल्याच, मुद्दाम आल्या होत्या. "पूरा कद्दू औरतें नहीं काटतीं, पहला चीरा भैया से लगवाओ." आई म्हणाल्या, "रामबागेत चाळीस वर्षं मीच चिरला." आणि सुरी रोवली. साल इतकी टणक की सुरी अर्ध्यात अडकली, मग भैयाला बोलवावंच लागलं. आधी कच्च्या गराचा कण जिभेला लावून बघितला. वेलवर्गातलं फळ कडू लागलं तर गर आणि बिया दोन्ही टाकून द्यायची, शिजवूनही खायची नाहीत. उलट्या-जुलाबांनी हैराण करतात. आमचा गोड होता. एक फोड भाभींना, एक सचिवसाहेबांना, उरलेल्याचे घारगे.

आता बिया. गराचे धागे बियांना घट्ट धरून असतात. पाण्यात चोळत राहिलं की सुटतात, पोचट वर तरंगतात. कागदावर वाळवू नका, चिकटून बसतात. स्टीलच्या ताटात चार दिवस ऊन दिलं. बी मोडताना टक असा आवाज आला पाहिजे, वाकली तर अजून ओली. तिन्ही फळांच्या मिळून ७८ ग्रॅम भरल्या, टरफलासकट. पहिल्या फळात दोनशे ऐंशी बिया होत्या (मी मोजल्या). शेवटच्या लहान फळात निम्म्यासुद्धा नाहीत, कारण ३० ऑगस्टला नर फूल एकच मिळालं होतं.

थोड्या टरफलासकट भाजल्या. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, परत वाळवून, लोखंडी कढईत मंद आचेवर. फुटायला लागल्या की उतरवायच्या. वर इंदुरी जिरावण मसाला भुरभुरला. चवीला फार छान, पण टरफल चिवट. लेकीला आवडल्या, आईंच्या कवळीला नाही.

बाकीच्या सोलायच्या होत्या. मी लाटणं फिरवून बघितलं, निम्म्या बियांचा भुगा झाला. नेलकटरने टोक कापून बघितलं, जमतं, पण वीस बियांनंतर अंगठा दुखतो. आईंची पद्धत अशी: बी उभी धरायची, कड दोन नखांच्या मधे, टोकाकडून जरा खाली दाबायचं. टरफलाची शिवण उसवते. मग उलट बाजूला तसंच. दोन पांढऱ्या फाकांमधून हिरवट, पातळ सालीचा मगज अख्खा निसटतो. मला तासाभरात सात ग्रॅम जमले, त्यांना अठरा. ऑस्ट्रियात श्टायरिया भागात मुळात टरफल नसलेल्या बियांचा भोपळा पिकवतात, त्याचं तेल काढतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

शेवटी मगज भरला बावन्न ग्रॅम. शंभर ग्रॅममध्ये तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चार महिन्यांच्या कष्टांतून पंधरा ग्रॅम प्रथिनं. खर्च: ड्रम ९००, भुसा २५०, विकतचं खत ४००, निंबोळी पेंड २००, बियाणं ४०, बांबू आणि जाळी ३५०, निंबोळी तेल २५०, सापळा १५०, माती वर चढवायची मजुरी ३००. एकूण २,८४० रुपये, शिवाय रंगीत प्रिंटचे दहा. अनामत अजून सोसायटीकडेच आहे. ड्रम, जाळी आणि बांबू पुढच्या वर्षी लागणार नाहीत, एवढं धरलं तरी दुकानातलं पाकीट स्वस्त पडतं यात वाद नाही.

दिवाळीनंतरचा तो आठवडा आई रोज दुपारी अडीचला ताट घेऊन खिडकीशी. तिसऱ्या दिवशी भाभी खाली येऊन त्यांच्यासमोर बसल्या आणि शिकल्या. भाभींचा वेग माझ्यापेक्षा चांगला आहे. पहिल्या फळातल्या वीस जाड बिया आईंनी न सोलता वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, वर "गच्ची २०२४" लिहून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या.

परवानगी ३१ मार्चला संपते. नूतनीकरणाचा अर्ज लिहून ठेवला आहे. विषय: दोन कुंड्यांऐवजी तीन कुंड्या ठेवण्याबाबत. वरच्या मजल्यावरच्या पहिल्या घराची सही आधीच झाली आहे.